हसन फतही

हसन फतही (जन्म : २३ मार्च १९००, अलेक्झांड्रिया, मृत्यू : ३० नोव्हेंबर १९८९, कैरो) हे विसाव्या शतकातील इजिप्शियन वास्तुविशारद, अध्यापक व लेखक होते. उष्ण व कोरड्या प्रदेशातील गरीब कुटुंबांना परवडतील अशी मातीची घरे बांधणे आणि ती यंत्राविना, केवळ वारा, सावली, जाड भिंती व पाण्याचे बाष्पीभवन यांच्या साहाय्याने थंड ठेवणे हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. लक्सरजवळील नवे गुर्ना हे गाव आणि खारगा मरूद्यानातील नवे बारीस ही वसाहत हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध प्रकल्प आहेत. दोन्ही अपूर्ण राहिले. 'आर्किटेक्चर फॉर द पुअर' या त्यांच्या ग्रंथामुळे ते जगभर ओळखले जाऊ लागले.

जन्म व शिक्षण

फतही यांचा जन्म अलेक्झांड्रियातील एका सुखवस्तू जमीनदार कुटुंबात झाला. त्यांच्या बालपणीच हे कुटुंब कैरोस वास्तव्यास आले. वडिलांच्या मालकीची शेती बरीच होती. परंतु तिकडे फिरकण्याची त्यांना आवड नव्हती. आईच्या मनात मात्र खेड्यातील दिवसांच्या हृद्य आठवणी होत्या. या दोन टोकांच्या दृष्टींतून लहानग्या हसन यांच्या मनात ग्रामीण जीवनाविषयी ओढ निर्माण झाली. त्यांना शेतीशास्त्र शिकावयाचे होते; परंतु प्रवेशपरीक्षेत अपयश आल्याने ते वास्तुशास्त्राकडे वळले. किंग फुआद विद्यापीठातून, म्हणजे आजच्या कैरो विद्यापीठातून, त्यांनी १९२६ मध्ये पदवी घेतली.

पदवीनंतर त्यांनी १९३० पर्यंत नगरपालिका व्यवहार खात्यात नोकरी केली. नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील तल्खा येथे प्राथमिक शाळा उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा खेड्यातील दारिद्र्य व घरांची दुरवस्था त्यांना प्रथमच जवळून पाहावयास मिळाली. १९३० पासून ते कैरोच्या ललित कला महाविद्यालयात अध्यापन करू लागले. त्यांच्या आरंभीच्या रचनांवर युरोपीय वळणाचा ठसा होता. पुढे ही वाट सोडून त्यांनी मातीच्या घरांची संकल्पचित्रे काढण्यास आरंभ केला व १९३७ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरविले.

अझीझा हसनैन या त्यांच्या पत्नी होत्या. वाळवंटाचे संशोधक व मुत्सद्दी अहमद हसनैन हे अझीझा यांचे बंधू. १९४६ मध्ये अहमद हसनैन यांचे निधन झाल्यावर त्यांच्या समाधीची रचना फतही यांनी केली.

न्युबियन छताचा शोध

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इजिप्तमध्ये लाकूड व पोलाद यांची टंचाई झाली. कैरोजवळील बहतीम येथे शेतकी संस्थेसाठी घरे बांधण्याचे काम फतही यांनी हाती घेतले होते. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या भिंती कोणालाही उभारता येत. अडचण छताची होती. सपाट छतास लाकडी तुळया लागतात आणि कमानी छत बांधावयाचे, तर ते पक्के होईपर्यंत तोलून धरणारा लाकडी साचा लागतो. साच्याविना कमानी छत बांधण्याचे त्यांचे पहिले प्रयत्न फसले व छते कोसळली.

याच सुमारास त्यांच्या बंधूंनी त्यांना सांगितले, की दक्षिणेकडील न्युबियन लोक साच्यावाचूनच कमानी छते बांधतात. १९४१ मध्ये फतही आस्वानला गेले. तेथील घरब आस्वान या वस्तीत त्यांना मातीच्या कमानी छतांची व घुमटांची, स्वच्छ व प्रमाणबद्ध घरे आढळली. लक्सरनजीक रामसेसियम मंदिराच्या आवारात असलेली, कच्च्या विटांच्या कमानी छतांची धान्यकोठारे सुमारे तीन हजार वर्षे टिकून होती. ही पद्धत प्राचीन असून अद्याप जिवंत आहे, याची त्यांना खात्री पटली.

या पद्धतीत खोलीची मागची भिंत उंच घेतली जाते व तिच्यावर गवंडी हातानेच चिखलाने कमानीची रेषा आखतो. विटांचा पहिला थर त्या भिंतीला तिरका टेकवून लावतात आणि पुढचा प्रत्येक थर मागच्या थरावर रेलून बसतो. विटांत भुश्याचे प्रमाण जास्त ठेवून त्या हलक्या केल्या जातात. विटेच्या पृष्ठावर ओल्या मातीतच बोटांनी खाचा ओढतात. त्यामुळे ती चिखलाला घट्ट चिकटून राहते. दोन गवंडी एका लहान खोलीचे छत अवघ्या एक-दोन दिवसांत पूर्ण करीत. माती, भुसा, पाणी व हातचे कसब यांपलीकडे खर्च नसे. फतही यांनी बोगदादी अहमद अली आदी न्युबियन गवंड्यांना उत्तरेस बोलावून बहतीमची कामे पूर्ण केली. पुढील आयुष्यात त्यांनी या कारागिरांना आपले सहकारी मानले.

नवे गुर्ना

लक्सरच्या पश्चिम तीरावर, प्राचीन थडग्यांच्या टेकडीवर गुर्ना गावाच्या पाच वस्त्या वसलेल्या होत्या. तेथील सुमारे ७,००० रहिवाशांपैकी अनेकांचा उदरनिर्वाह थडग्यांतील वस्तूंच्या विक्रीवर व पर्यटकांवर चाले. एका थडग्यातील कोरीव शिल्प चोरीस गेल्यानंतर पुरातत्त्व खात्याने या लोकांना टेकडीवरून हलवून सपाटीवर वसविण्याचे ठरविले. सुमारे ५० एकर जागेवर ९०० कुटुंबांचे गाव उभारण्याची कामगिरी फतही यांच्याकडे आली व १९४६ मध्ये काम सुरू झाले.

फतही यांनी प्रत्येक घरासाठी एकच ठराविक नकाशा वापरला नाही. कुटुंबाचा आकार, जनावरे, नात्यांचे गट व शेजार यांचा विचार करून घरे आखली. मशीद, बाजार, शाळा, खुले नाट्यगृह व हस्तकलेसाठी इमारत यांचा आराखड्यात समावेश होता. विटा जागेवरच पाडल्या गेल्या. शाळेच्या वर्गांत हवा थंड करण्यासाठी त्यांनी वारा पकडणाऱ्या उंच पोकळ्या बांधल्या व त्यांच्या आत ओल्या लोणारी कोळशाचे तिरपे ताट बसविले. या साध्या योजनेने वर्गातील तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने उतरले.

प्रकल्प मात्र तडीस गेला नाही. सरकारी खात्यांतील दिरंगाई व निधीची अडवणूक हे एक कारण होते. दुसरे कारण गावकऱ्यांचा विरोध हे होते. टेकडी सोडणे म्हणजे पोटापाण्याचे साधन सोडणे होते आणि स्थलांतराचा निर्णय त्यांचा नव्हता. घुमटाचे छत अनेकांना थडग्याची आठवण करून देई. १९५० च्या दशकाच्या आरंभी काम थांबले, तेव्हा नियोजित गावाचा जेमतेम पाचवा भाग पूर्ण झाला होता. पुढील दशकांत भूजलाची पातळी वाढून भिंतींत क्षार चढले, अनेक घरे पडली व रहिवाशांनी त्यांच्या जागी सिमेंटची घरे बांधली. जुन्या गुर्नातील वस्त्या अखेर २००६ पासून पाडण्यात आल्या व तेथील लोकांना अन्यत्र वसविण्यात आले.

परदेशातील वर्षे व पुनरागमन

गुर्नाच्या अनुभवाने निराश झालेले फतही काही काळ पुन्हा अध्यापनाकडे वळले. १९५७ मध्ये ते अथेन्सला गेले व नगररचनाकार कॉन्स्टँटिनोस डॉक्सियाडिस यांच्या संस्थेत काम करू लागले. या काळात इराकमधील गृहनिर्माण योजनांच्या आराखड्यांत त्यांचा सहभाग होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते कैरोस परतले आणि बालेकिल्ल्याजवळील दर्ब अल-लब्बाना या गल्लीतील एका जुन्या घरात राहू लागले. हे घर पुढे देशोदेशींच्या विद्यार्थ्यांचे भेटीचे ठिकाण झाले.

शीतलनाविषयीचे कार्य

फतही यांनी जुन्या कैरोतील वाडे, वाळवंटातील घरे व खेड्यांतील झोपड्या यांचा अभ्यास करून त्यांतील थंडाव्याच्या युक्त्यांमागील भौतिकशास्त्र उलगडून दाखविले. परंपरेतील प्रत्येक गोष्ट योग्यच असते, असे त्यांचे मत नव्हते. जुने उपाय मोजमापाने तपासून पाहावेत व आवश्यक तेथे सुधारावेत, असा त्यांचा आग्रह होता.

या उपायांचा आधार बाष्पीभवन हा आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. विजेच्या हिशेबात ती सुमारे पाऊण युनिटापेक्षा थोडी कमी भरते. ही उष्णता हवेतून घेतली जात असल्याने हवा थंड व दमट होते. ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक जे तापमान दाखवितो, त्याच्या खाली हवा या मार्गाने जाऊ शकत नाही. ४० अंश तापमान व २० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर ही मर्यादा २२ ते २३ अंशांच्या आसपास येते. ३५ अंश व ७० टक्के आर्द्रतेत मात्र ती सुमारे ३० अंशांवरच थांबते. म्हणूनच कोरड्या प्रदेशात उपयोगी पडणारा हा उपाय दमट किनारपट्टीवर निष्प्रभ ठरतो.

फतही यांनी अभ्यासलेली व वापरलेली प्रमुख साधने पुढीलप्रमाणे आहेत :

मलकफ : छताच्या वर उंच नेलेली, वाऱ्याच्या दिशेस तोंड असलेली पोकळी. जमिनीलगतचा वारा धुळीचा, तापलेला व मंद असतो. उंचावरचा तुलनेने स्वच्छ व वेगवान असतो. हा वारा पोकळीतून खाली खोलीत उतरतो. वाटेत ओल्या चटया, पाण्याचे रांजण किंवा ओला कोळसा ठेवल्यास तो थंड होतो व जड झाल्याने आपोआप खाली येतो. दाट वस्तीत, जेथे खिडकीपर्यंत वारा पोचत नाही, तेथे ही योजना विशेष उपयुक्त ठरते.

मशरबिया : खिडकीपुढे बसविलेली गोल कातीव दांड्यांची लाकडी जाळी. ती उन्हाची तिरीप अडविते, वारा आत येऊ देते व घरातील स्त्रियांना आडोसा देते. पूर्वी तिच्यात पाण्याची मातीची भांडी ठेवीत. पाझरणाऱ्या भांड्यांवरून आलेला वारा खोलीत थंड होऊन येई.

सलसबील : लाटांची नक्षी कोरलेली संगमरवरी उतरती फरशी. तिच्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत राहतो. पाणी तेवढेच असूनही हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढतो व बाष्पीभवन जलद होते. दाब कमी असल्याने जेथे कारंजे उडविता येत नाही, तेथे ही युक्ती वापरीत.

अंगण : रात्री उघड्या आकाशाखाली थंड झालेली जड हवा अंगणात साचते व आजूबाजूच्या खोल्यांत शिरते. चारही बाजूंनी बंद असलेल्या अंगणात ही थंडाई दुपारपर्यंत टिकते.

जुन्या कैरोतील चौदाव्या शतकातील एका दिवाणखान्यात एप्रिल १९७३ मध्ये वाऱ्याचा वेग व तापमान यांची मोजणी करण्यात आली. मलकफातून उतरणारी हवा मधल्या उंच भागाकडे वाहते व तेथून तापून वरच्या झरोक्यांतून बाहेर पडते, हे त्या मोजणीतून दिसून आले.

१९६४ मध्ये कैरोतील बांधकाम संशोधन केंद्राच्या आवारात वेगवेगळ्या साहित्याच्या सहा चाचणी-खोल्या उभारण्यात आल्या. त्यांतील एका खोलीच्या भिंती व कमानी छत ५० सेंटीमीटर जाडीच्या कच्च्या विटांचे होते. दुसरी १० सेंटीमीटर जाडीच्या तयार काँक्रीट तक्त्यांची होती. मार्च महिन्यातील एका दिवसात मातीच्या खोलीचे तापमान २१ ते २३ अंशांच्या दरम्यान राहिले. काँक्रीटच्या खोलीत ते ३६ अंशांपर्यंत चढले, म्हणजे बाहेरच्या कमाल तापमानापेक्षाही ९ अंश अधिक झाले. स्वस्त व आधुनिक म्हणून गरिबांना दिले जाणारे घर उन्हाळ्यात राहण्याजोगे नसते, हे फतही यांचे म्हणणे या आकड्यांनी पुढे आले.

नवे बारीस

पश्चिम वाळवंटातील खारगा मरूद्यानात भूजलाचा मोठा साठा सापडल्यानंतर तेथे २५० कुटुंबांची शेतकरी वसाहत उभारण्याचे ठरले. १९६० च्या दशकात ते काम फतही यांच्याकडे सोपविण्यात आले. शेतमाल शहरात पाठविण्यापूर्वी काही दिवस साठवावा लागणार होता. परंतु एवढ्या उन्हात भाजीपाला टिकणे कठीण होते व शीतगृह चालविण्याची सोय नव्हती. फतही यांनी बाजाराच्या तळघरात साठवणुकीच्या खोल्या काढल्या आणि वर वारा पकडणारे उंच मनोरे बांधले. तळघरातील तापमान यंत्राविना सुमारे १५ अंशांनी उतरल्याचे नोंदले गेले. जून १९६७ मधील इस्रायलशी झालेल्या युद्धामुळे काम बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले नाही व वसाहतीत ठरलेले लोक राहण्यास आले नाहीत.

लेखन व सन्मान

गुर्नाचा वृत्तांत १९६९ मध्ये इजिप्तच्या सांस्कृतिक मंत्रालयाने 'गुर्ना : अ टेल ऑफ टू व्हिलेजेस' या नावाने प्रसिद्ध केला. १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठाने तो 'आर्किटेक्चर फॉर द पुअर' या नावाने पुन्हा छापला, तेव्हा तो सर्वदूर पोचला. ग्रंथात रचनेबरोबरच खर्चाचे हिशेब, गवंड्यांचे प्रशिक्षण व शासकीय कारभाराचे अनुभव सविस्तर आले आहेत. 'नॅचरल एनर्जी अँड व्हर्नॅक्युलर आर्किटेक्चर' हा थंडाव्याच्या साधनांवरील त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९८० मध्ये त्यांना आगा खान वास्तुकला पुरस्काराचा अध्यक्षीय सन्मान व राईट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय वास्तुविशारद संघाने पहिले सुवर्णपदक त्यांना दिले. याच दशकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अबिक्यू येथे दार अल-इस्लाम या वसाहतीची मशीद त्यांनी न्युबियन गवंड्यांकरवी कच्च्या विटांत बांधून घेतली.

टीका

फतही यांच्या कार्यावर त्यांच्या हयातीतच टीका झाली. गरिबांसाठी कल्पिलेली त्यांची शैली प्रत्यक्षात बहुतांशी सधन व सुशिक्षित ग्राहकांच्या बंगल्यांसाठी वापरली गेली, हा मुख्य आक्षेप होता. न्युबियन छत उत्तरेकडील शेतकऱ्यांच्या परंपरेतील नव्हते, तरी ते स्थानिक म्हणून त्यांच्यावर लादले गेले, असेही म्हटले जाते. कच्च्या विटांना वरचेवर लिंपण लागते व मजुरी महागल्यावर त्या स्वस्त राहत नाहीत, हाही आक्षेप आहे. त्यांच्या समर्थकांच्या मते गुर्ना फसले ते रहिवाशांच्या संमतीविना केलेल्या स्थलांतरामुळे. घरांच्या थंडाव्याबाबत तक्रार नव्हती. लोकांनी आपली घरे आपण बांधावीत, असे मानणाऱ्या फतही यांच्या वाट्याला मात्र लोकांनी न मागितलेले गाव बांधण्याचे काम आले होते.

प्रभाव

अब्देल वाहेद अल-वकील यांसारख्या शिष्यांनी त्यांची परंपरा पुढे नेली. २००० साली स्थापन झालेली एक संस्था पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोमध्ये स्थानिक गवंड्यांना न्युबियन छताचे शिक्षण देते. तेथेही लाकडाची टंचाई व पत्र्याखालील उकाडा हीच कारणे आहेत. भारतात तमिळनाडूतील ऑरोव्हिल येथील भूवास्तू संस्थेने न्युबियन पद्धतीत बदल करून दाबलेल्या मातीच्या विटांची, साच्याविना उभी राहणारी छते विकसित केली आहेत. नव्या गुर्नाचा समावेश २०१० मध्ये जागतिक स्मारक निधीच्या धोक्यातील स्थळांच्या यादीत झाला व पुढे युनेस्कोच्या सहभागाने तेथील काही सार्वजनिक इमारतींची दुरुस्ती करण्यात आली. फतही यांची रेखाचित्रे व कागदपत्रे कैरो येथील अमेरिकन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत.

महाराष्ट्राच्या संदर्भात

फतही यांनी वर्णिलेल्या साधनांशी मिळत्याजुळत्या गोष्टी महाराष्ट्रातही रूढ आहेत. पाण्याचा माठ व रांजण, वाड्याचा चौक, दारावर सोडलेले वाळ्याचे ओले पडदे ही त्याची उदाहरणे होत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील सोळाव्या शतकातील फराह बाग हा निजामशाही महाल चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला होता. मराठवाडा व सोलापूर भागातील माळवदाची घरे जाड मातीच्या छतामुळे दुपारी थंड राहतात. मात्र त्यांना लाकडी तुळया लागतात, आणि फतही यांची न्युबियन पद्धत नेमकी हीच गरज टाळते. विदर्भात उन्हाळ्यात सर्रास वापरला जाणारा कूलर बाष्पीभवनाच्याच तत्त्वावर चालतो. त्यातील पंखा व पंप यांचे काम मलकफात वाऱ्याला व हवेच्या वजनाला करावे लागते.

हवामानानुसार या उपायांची उपयुक्तता बदलते. नागपूर, अकोला किंवा जळगाव येथील कोरड्या उन्हाळ्यात पाण्याने हवा थंड करणे परिणामकारक ठरते. कोल्हापूर जिल्ह्यातील कागलसारख्या, सह्याद्रीच्या पूर्वेस परंतु घाटापासून फार दूर नसलेल्या भागात त्याचा उपयोग मुख्यतः मार्च-एप्रिलमधील कोरड्या दुपारींपुरता राहतो. पावसाळी वारे सुरू होताच हवेतील आर्द्रता वाढते व ओल्या पडद्याचा गुण उतरतो. अशा ठिकाणी जाड भिंती, कौलाखालील उंच माळा, सावली व रात्रीचा वारा हे फतही यांचे पाण्याविना चालणारे उपाय अधिक लागू पडतात. उलट जेथे उन्हाळा सर्वांत कोरडा, तेथे पाण्याचीही टंचाई असते. थोड्या पाण्याचा पृष्ठभाग वाढविणारी सलसबील किंवा ओल्या कोळशाचे ताट ही साधने त्या दृष्टीने महत्त्वाची आहेत.